बाराव्या दिव्याची वात

१

रॉकेलच्या दिव्याचा बर्नर आधी उकळायचा. पातेल्यात पाणी, पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा, अर्धा तास मंद आच. मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं जाळीतलं एकेक भोक मोकळं करायचं. खालून हवा आली नाही तर ज्योत वरून कितीही शहाणी दिसली तरी बर्नर आतल्या आत तापत जातो आणि एक दिवस दगा देतो. कालिना हे डोळे मिटून करू शकली असती. तीन वर्षं ती प्लोवदिव शहरात हेच, जुन्या वस्तूंची डागडुजी, शिकली होती.

सिविनो गावाचं वाचनालय म्हणजे दोन मजली दगडी घर. खाली लांबच लांब टेबल, भिंतीला कपाटं आणि कपाटांच्या वर बारा आकड्यांना टांगलेले बारा पितळी दिवे. मे महिन्यात वाचनालयाला एकशे चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. त्या संध्याकाळी विजेचे दिवे बंद करून, पूर्वीसारखं दिव्यांच्या उजेडात मोठ्यानं वाचायचं, ही कल्पना कालिनाचीच. तिनं अर्ज केला, भाषण केलं, जिल्ह्याच्या साहेबांशी भांडली. गावात आता सदतीस माणसं उरली होती आणि त्यांतली निम्मी भाषणाला आली होती. "गावं आपोआप मरत नाहीत," ती तावातावानं म्हणाली होती, "आपण ती सोडून जातो. कुणीतरी थांबायला हवं."

पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या त्या स्तामेनामावशींनी. वाचनालयाची झाडलोट, किल्ल्या, चहापाणी सगळं त्यांच्याकडे. सत्तरीच्या, बुटक्या, हातांना कायम साबणाचा वास.

सोमवारी कालिना दिव्यांच्या कामासाठी बसमधून उतरून आत आली आणि दाराच्या चौकटीवर तिचं डोकं सणकून आपटलं.

"शहरातलं माणूस आमच्या वाचनालयाला आधी नमस्कार करतं," मावशी म्हणाल्या. "दाखव इकडे. काही नाही, टेंगूळ येईल. मनगट दे."

मार्चचा पहिला आठवडा होता. मावशींनी तिथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या मनगटाला लाल-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ बांधला. पहिलं फुललेलं झाड दिसलं की तो सोडून त्या झाडालाच बांधायचा, हे सांगायची गरज नव्हती.

"शुक्रवारच्या बसनं जाणार मी," कालिना म्हणाली. "सोमवारपासून संग्रहालयात नोकरी लागतेय. पहिली नोकरी, मावशी. उशीर चालायचा नाही."

"जाशील गं. आधी काम तर कर."

वरच्या मजल्यावर शिलाईयंत्र चालत होतं. खडखड, थांबा, खडखड.

"वर कोण आहे?"

"विदाबाई. ग्रंथपाल. खाली फारशा येत नाहीत." मावशींनी छताकडे पाहिलं. "आठवड्यासाठी आल्या होत्या, पुस्तकांची यादी करायला. बावीस वर्षं झाली."

कालिना हसली. तिला वाटलं, मावशी थट्टा करतायत.

२

मंगळवारी दुपारपर्यंत अकरा दिवे झाले. अकरांच्या वाती तिनं आणलेल्या गुंडाळीतूनच कापल्या. वात निवडताना लोक रुंदी तेवढी बघतात आणि फसतात. जाडी बघायची असते. बर्नरच्या घशात वात सैल बसली तर ज्योत नाचते. घट्ट बसली तर वात वर-खाली करणाऱ्या चक्रीचे दात तिच्यात रुततात आणि ती वर सरकत नाही, खालीही येत नाही. लांबी वीतभर पुरे. टाकीच्या तळाशी जरा लोळली म्हणजे झालं.

बारावा दिवा खिडकीजवळचा. त्याची टाकी बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी, पोटाळ. कालिनानं बर्नर उलटा फिरवून काढला, तशी त्याच्यासोबत जुनी वात वर आली. वीतभर आली, हातभर आली, आणि येतच राहिली. टाकीत वेटोळं घालून बसलेली ती वात कालिना दोन्ही हातांनी ओढत राहिली आणि शेवटचं टोक सुटलं तेव्हा टेबलावर ओल्या, तपकिरी पट्टीचा ढीग झाला होता.

टेबलाच्या कडेला मोजपट्टी ठोकलेली होती. एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर.

कुणा कंजुषानं एकदाच लांब वात घालून पुढच्या पन्नास वर्षांची सोय केली असेल, असं तिनं ठरवलं. पण टोकाशी वात जेमतेम करपली होती. आणि एवढ्या जुन्या वातीला रॉकेलचा गाळ बसून ती कडक व्हायला हवी होती. ही मऊ होती आणि किंचित कोमट. दिवा खिडकीत होता, खिडकीत ऊन होतं. झालं.

जुनी वात पुन्हा वापरायची नसते. तिनं ढीग उचलला आणि लोखंडी शेगडीचं दार उघडून आत टाकला.

वात फुरफुरली नाही. रॉकेल प्यायलेलं कापड भडकायला हवं. ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश, शिस्तीत जळत गेली. कालिना पाहत राहिली, मग हात धुवायला गेली.

हात पुसताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोलीत काय बदललंय ते कळेना. दिवे जागच्या जागी, घड्याळ चालू. मग लक्षात आलं. वरचं शिलाईयंत्र थांबलं होतं.

३

मावशी जेवण घेऊन आल्या. थाळ्यात घेवड्याच्या रश्श्याचे तीन वाडगे. दोन त्यांनी टेबलावर ठेवले. तिसरा घेऊन जिन्याकडे वळल्या, आणि पहिल्या पायरीवर थांबल्या. कान देऊन ऐकत राहिल्या.

"जुनी वात कुठंय?" त्यांनी न वळता विचारलं.

"बाराव्याची? किती लांब होती ती, मावशी. दीड मीटरच्या वर."

"कुठंय?"

"शेगडीत टाकली."

मावशी परत आल्या. तिसरा वाडगा त्यांनी टेबलावर ठेवला आणि बाकावर बसल्या. रागावल्या नव्हत्या. लांबच्या गावाची वाट चालून आलेलं माणूस बसतं तशा बसल्या.

"काही महत्त्वाची होती का? मला सांगायचं तरी."

"सांगायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. "चूक माझीच. तुझं शिक्षण बघून मी गप्प बसले. म्हटलं, हिला कळत असेल." त्यांनी वाडगा कालिनाकडे सरकवला. "जेव. दोन्ही जेव. गार होतंय."

"विदाबाईंना देऊन येते ना मी."

"त्यांना नको आता."

कालिनाला हे असलं बोलणं आवडत नसे. खेड्यात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर का देत नाहीत, यावर तिनं एकदा निबंध लिहिला होता. तिनं वाडगा उचलला आणि ती जिना चढली. मावशींनी अडवलं नाही.

वरचं दार उघडंच होतं. खिडकीपाशी शिलाईयंत्र, सुईखाली अर्धा शिवलेला पडदा. खुर्चीखाली लोकरीच्या सपाता, टाचा जुळवून. करपलेल्या सुताचा वास.

"विदाबाई?"

पलंगावर जाड पांघरूण होतं. पांघरुणाखाली काहीतरी लांबट होतं, उशीपासून थेट पायथ्यापर्यंत. सरळ. दोन बोटं रुंद.

पांघरुणाला घडी पडलीय, कालिनानं स्वतःला सांगितलं. चार पावलं पुढं जाऊन हातानं ती घडी मोडली की प्रश्न मिटला. ती चार पावलं तिनं टाकली नाहीत. वाडगा खुर्चीवर ठेवून ती खाली आली आणि आपण इतक्या भरभर का उतरलो, यावर तिला ओढूनताणून हसावं लागलं.

४

बुधवारी वरच्या दाराला कुलूप होतं.

"भाचीकडे गेल्या," मावशी म्हणाल्या.

"कशानं? पुढची बस शुक्रवारी आहे."

"भाची गाडी घेऊन आली होती."

रात्री हिम भुरभुरलं होतं. अंगणातल्या पांढऱ्या थरावर मांजराच्या पावलांखेरीज काही नव्हतं. गाडी रस्त्यावर उभी केली असेल, कालिना म्हणाली, म्हणजे मनात म्हणाली. तिला काम संपवायचं होतं. बाराव्या दिव्याच्या चक्रीचे दात झिजले होते; वात पकडत नव्हते. तिनं बारीक कानस घेऊन एकेक दात धारदार केला. दोन तास गेले. कानस ठेवली तेव्हा चक्री अशी पकड घेत होती की एकदा चावलेलं सूत सुटायचं नाही. अभिमान वाटावा असंच काम होतं.

दुपारी ऊन पडलं. कालिना खिडकीकडे तोंड करून उभी होती, काचेची नळी उजेडात धरून तडा शोधत होती. मागं सरसर असा आवाज झाला म्हणून तिनं मान वळवली. मावशी जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. वातीची गुंडाळी त्यांनी फरशीवर उलगडली होती. कालिनाच्या टाचेपासून सुरू होऊन पांढरी पट्टी तिच्या सावलीच्या मधोमध, सावलीच्या डोक्यापर्यंत गेली होती.

"काय चाललंय, मावशी?"

"वात मापतेय."

"वीतभर पुरते हो. सांगितलं ना काल."

"टाकी मोठी आहे. हलू नकोस जरा." कात्री वाजली. "झालं."

आता कालिना रागावली असती. पण म्हातारीच्या कपाळावर घाम होता आणि तिला उठता येत नव्हतं. वात थोडी जास्त गेली म्हणून काय बिघडतं? उलट तिला वाटलं, बाई मदत करू बघतेय. तिनं हात देऊन मावशींना उठवलं, पट्टी घेतली आणि स्वतःच्या हातानं बर्नरच्या घशात सरकवली. चक्रीनं ती लगेच धरली. उरलेली वेटोळं करून टाकीत सोडली. वरचं टोक वाकडं कापलं गेलं होतं. तिनं बोटाच्या रुंदीएवढी पट्टी कापून ते सरळ केलं, कोपरे गोल केले, रॉकेल भरलं.

"लगेच नाही पेटवायचा," ती म्हणाली. "रॉकेल वातीतून वरपर्यंत चढू द्यायचं. लांब आहे, उद्यापर्यंत राहू दे."

"चढतंय का?" मावशींनी वाकून पाहिलं.

"चढतंय. दिसत नाही, पण चढतंय."

मग तिनं जाड पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात चार नियम लिहिले आणि टेबलाजवळ टाचले.

१. पेटता दिवा सोडून जाऊ नये.
२. ज्योत फार बारीक करू नये, काजळी धरते.
३. नवी वात पूर्ण भिजल्यावरच काडी लावावी.
४. वात दरवर्षी बदलावी. जुनी टाकून द्यावी.

मावशींनी चारही नियम मोठ्यानं वाचले. पहिला दोनदा.

त्या संध्याकाळी कालिनाच्या पायांना मुंग्या येत होत्या. आधी तळव्यांना, मग पोटऱ्यांना, मग गुडघ्यांच्या वर. दिवसभर थंड फरशीवर उभं राहिलं की होतं असं.

५

गुरुवारी सकाळी ती उंबरा ओलांडून आत आली आणि तीन पावलं चालून थांबली.

डोकं आपटलं नव्हतं. सोमवारी आपटलं, मंगळवारी आपटलं, काल दोनदा. शेवटी सवय झाली, ती म्हणाली, शरीर शिकतं. तिनं परत जाऊन चौकटीखाली ताठ उभं राहून पाहिलं. डोकं आणि लाकूड यांच्यात फट होती. तिनं हात वर नेऊन चाचपली. एक बोट आत गेलं.

माणूस दिवसाअखेर सेंटिमीटरभर बुटकं होतं, मणके दबतात. हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. पण ते संध्याकाळी. ही तर सकाळ होती.

टेबलाखाली काल कापलेली वातीची पट्टी पडली होती. बोटभर रुंद. तिनं ती उचलली नाही.

"पेटवायचा ना?" मावशी विचारत होत्या. त्यांच्या हातात काड्यापेटी होती.

"मी... हो. पेटवा."

दिवा फार सुरेख पेटला. ज्योत रुंद, पिवळी, कडा सरळ. कालिनाच्या तोंडात रॉकेलची चव आली. तिला एकदम उकडायला लागलं म्हणून ती अंगणात गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. बघता बघता ते उतरलं. ढग येतो तसं नाही, ढगाची कड सरकत येते. हे सगळीकडून एकसारखं मंद झालं: आभाळ, हिम, तिचे हात. मग परत लख्ख.

ती दारातून आत वाकली. मावशी चक्रीवर बोटं ठेवून उभ्या होत्या.

"तू दाखवलंस तसं करून बघत होते गं. उजवीकडे वर, डावीकडे खाली."

"परत करा," कालिना म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक ऐकू आला. "खाली करा."

मावशींनी केली. अंगण मावळलं.

"वर."

उजाडलं.

तीनदा बघितलं. तिन्हीदा तसंच. झोप झाली नाही, रक्तदाब कमी झालाय, दिव्याकडे पाहून बाहेर पाहिलं की डोळे दिपतात, अशी कारणं तिनं एकामागून एक मांडली. प्रत्येक कारण बरोबर होतं. पण ती दिव्याकडे पाहत नव्हती.

मावशी शेगडीसाठी लाकडं आणायला गेल्या, तेव्हा कालिनानं काच काढली, ज्योत तशीच ठेवून बर्नर उलटा फिरवून टाकीवरून उचलला आणि खाली लोंबणारी वात मुठीत धरून ओढली. मणक्यात कळ आली, तळापासून मानेपर्यंत. वात हलली नाही. दात रुतले होते. तिनंच घासलेले, एकेक.

टेबलावर कात्री होती. तिनं ती हातातही घेतली. मग तिला चौकटीखालची फट आठवली आणि कात्री तिनं फार जपून, टोक आपल्याकडे येणार नाही अशी, खाली ठेवली. शेगडीचं दार उघडं होतं. त्याच्याकडे तर तिला बघवेनासुद्धा. तिनं बर्नर परत बसवला आणि काच चढवली.

६

शुक्रवारी बारा वाजता मेतोदीची बस आली. चौकात फिरून उभी राहिली, नेहमीसारखी अर्धी चिखलात.

"मी निघते," कालिना म्हणाली. पिशवी खांद्यावर होती. "मावशी, दिवा विझवू नका."

"मी कशाला विझवीन?" मावशींना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "असं कोण करतं, पोरी?"

खिडकीत बारावा दिवा भर दुपारी जळत होता. कालिना पाठमोरी चालत बसपर्यंत गेली. ऊन होतं. बसली. ऊन होतं. मेतोदी पन्नाशीतला, मिशाळ, बडबड्या माणूस. गाडीत ती एकटीच प्रवासी.

"झाले का दिवे?" त्यानं गाडी काढत विचारलं. "माझी आजी म्हणायची, सिविनोतून पुस्तक घरी न्यावं, पण तिथं मुक्काम करू नये. आता बोला. मुक्काम करायला आहे काय तिथं?"

"विदाबाईंना कधी नेलंत का हो तुम्ही?"

"कोण विदाबाई?"

"ग्रंथपाल."

"त्या होय. नेल्या असत्या की. तिकीट काढायच्या दर शुक्रवारी, सुरुवातीला. पुलापर्यंत यायच्या आणि उतरायच्या. मी म्हणायचो, बाई, एवढ्यासाठी पूर्ण तिकीट कशाला?" तो हसला. "मग यायच्या बंद झाल्या."

पूल दिसू लागला. पुलापलीकडे उतारावर बदामाचं झाड होतं, आणि त्याला फूल आलं होतं, पहिलंच. कालिनानं मनगटाचा पीळ चाचपला. झाड अजून दोनशे पावलांवर होतं. शंभर.

मग झाडाचा पांढरा रंग राखाडी झाला. नदी काळी झाली. मेतोदीची मान, आरसा, समोरचा रस्ता, सगळं आत आत जाऊ लागलं, जशी ज्योत वातीवरून मागं सरते आणि निळी कड तेवढी उरते. तिच्या छातीत हवा येईना. नाकात काजळी.

"झोपलात का? डोळे उघडे ठेवून झोपता होय?" मेतोदीचा आवाज लांबून आला.

"थांबवा," ती म्हणाली.

"अहो, पुलावर कसं..."

"थांबवा. उतरायचंय."

तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं गाडी थांबवली आणि पैसे परत द्यायला खिशात हात घातला, पण ती उतरून गेली होती.

ती परत चालू लागली. पहिली काही पावलं तिनं कठड्याला धरून टाकली. मग रस्ता दिसू लागला. गावाकडे टाकलेल्या दर पावलागणिक थोडं थोडं उजाडत होतं, आणि तिला रडू आलं ते या गोष्टीचं, की ते उजाडणं इतकं बरं वाटत होतं.

७

दारातून ती ताठ मानेनं आत आली. मावशी दिव्यापाशी बसून पडदा शिवत होत्या. विदाबाईंचा, अर्धा राहिलेला.

"विझवला नाही हं मी," त्या म्हणाल्या. "बारीक केला. रॉकेल वाचावं म्हणून."

"मला सोमवारी कामावर जायचंय."

"मला ठाऊक आहे."

"मी सव्वीस वर्षांची आहे, मावशी."

"विदाबाईही आल्या तेव्हा बत्तीस-तेहतीसच्याच होत्या." मावशींनी दोरा दातानं तोडला. "मे महिन्यात माणसं येतील. एकशे चाळीस वर्षांत हे दार एक दिवस बंद राहिलं नाही, पोरी. कुणीतरी थांबायला हवं. तू किती छान बोललीस त्या दिवशी. मी टाळ्या वाजवल्या बघ."

"तुम्ही मला सोडा."

"मी कुठं धरलंय?" त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. साबणाचा वास आला. मग त्यांनी टेबलाजवळच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "तूच लिहिलंयस. पेटता दिवा सोडून जाऊ नये."

कालिना बाकावर बसली. वर शिलाईयंत्र शांत होतं. बाहेर मेतोदीच्या बसचा आवाज केव्हाच पूल ओलांडून चढावर गेला होता आणि ऐकू येईनासा झाला होता. वाचनालयाच्या अंगणात एकही झाड नव्हतं. मनगटावरचा पीळ तिनं बाहीखाली सारला.

ज्योतीची एक कड वर येऊन धुरकट झाली होती. तिनं ती पाहिली आणि न उठता, सवयीनं, चक्री केसभर फिरवली. ज्योत सरळ झाली. तिला स्वच्छ श्वास आला.

मे महिन्यात माणसं येणार होती. जिल्ह्याहून येतील, प्लोवदिवहून तिच्या वर्गातली मुलं येतील, शिकलेली, कामाला तत्पर, जुनं काही दिसलं की बदलायला हात शिवशिवणारी.

ती उठली, पेन घेतलं आणि पुठ्ठ्यावरचा चौथा नियम खोडला. एक रेघ पुरली नाही. खालचं अक्षर वाचता येईना इतकं गिरवून गिरवून खोडला.